नळी आधी, बंदूक नंतर

अमेरिकेत शनिवारी दुपारी एखाद्या घराचं गॅरेज उघडं दिसलं, गाडी बाहेर उन्हात तापत पडलेली दिसली आणि आत एक मध्यमवयीन गृहस्थ पोलादाची लांब नळी डोळ्याला लावून ट्यूबलाइटकडे बघताना आढळले, तर घाबरून पोलिसांना फोन करू नये. या गृहस्थांपासून कुणाच्याही जिवाला धोका नसतो. त्यांच्याकडे फक्त नळी असते. बंदूक अजून ठरायची असते.

ही जमात टेक्सासपासून मोंटानापर्यंत सगळीकडे सापडते. दुकानात जाऊन तयार रायफल घेणं तिला कमीपणाचं वाटतं. नळी एका कारागिराची हवी, दस्ता दुसऱ्याचा, चाप तिसऱ्याचा. आणि हे सगळं जिच्या जिवावर उभं राहतं ती ॲक्शन चौथ्याची. ॲक्शन म्हणजे काडतूस आत ढकलणारा, ते कोंडून ठेवणारा आणि रिकामं टरफल बाहेर फेकणारा बोल्ट, अधिक तो ज्यात मागेपुढे सरकतो ते पोलादी घर. शहाण्या माणसानं आधी ॲक्शन ठरवावी आणि मग तिला मानवेल अशी नळी घ्यावी. पण शहाण्या माणसाला हा नाद लागतच नाही. बहुतेकांची सुरुवात सेलपासून होते. विस्कॉन्सिनातल्या एखाद्या नामवंत कारखान्याची नळी सवलतीत दिसते आणि शर्टाचं बटण स्वस्तात मिळालं म्हणून शिंप्याकडे धावावं, तसा माणूस धावत सुटतो.

आपले गृहस्थ अशाच एका नळीचे मालक झाले. स्टेनलेस पोलादाची, साडेसहा मिलिमीटरची, कोरी. आत गोळीला दर आठ इंचांत एक गिरकी द्यायला लावणाऱ्या खाचा होत्या, पण मागच्या टोकाला ना आटे, ना काडतूस बसायची जागा. अमेरिकन कायद्याच्या लेखी नळी म्हणजे बंदूक नव्हे, त्यामुळे ती पोस्टानं घरपोच आली. बायकोनं खोकं हलवून पाहिलं.

"पडद्याचा रॉड आला वाटतं?"

त्याच वेळी "हो" म्हणून टाकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण गृहस्थ खरं बोलले.

"बंदुकीची नळी आहे."

"आणि बंदूक?"

"ती आता शोधायची."

शोध गनस्मिथच्या दुकानात सुरू झाला. गनस्मिथ म्हातारा होता. त्यानं नळी हातात घेतली, टोकाशी डोळा लावला, "चांगली आहे" म्हणाला आणि पहिलाच प्रश्न असा टाकला की गृहस्थांची रात्रीची झोप गेली. "काडतूस कुठलं?"

साडेसहा मिलिमीटरची गोळी एकच, पण ती खोचायची टरफलं ढीगभर. 6.5 क्रीडमूर हे 2007 सालचं, आखूड. त्याला आखूड ॲक्शन चालते. स्वीडनचं 6.5×55 हे 1894 सालचं, उंचपुरं. त्याला लांब ॲक्शन लागते. .264 विंचेस्टर मॅग्नम लांब तर आहेच, वर बुडाशीही जाड. क्रीडमूरचं बूड 0.473 इंच, मॅग्नमचं 0.532. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा, पण त्या दीड मिलिमीटरपायी बोल्टचं तोंडच वेगळं घ्यावं लागतं. गृहस्थ म्हणाले, "मला तिन्ही आवडतात." म्हातारा म्हणाला, "मग तीन नळ्या आणा." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

क्रीडमूर ठरलं. म्हणजे बायकोनं ठरवलं. तिला तीन नावांतलं तेवढं एक नाव नीट उच्चारता आलं.

आता ॲक्शन. रविवारी गृहस्थ रेंजवर गेले आणि चहाची चौकशी करावी तितक्या सहजपणे त्यांनी विचारलं, "काय रे, ॲक्शन कुठली घ्यावी?" चांदमारी थांबली. कानावरचे मफ उतरले. ज्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांना साधा नमस्कार केला नव्हता, ते टेबलाभोवती जमले.

पहिला बोलला तो रेमिंग्टनवाला. मॉडेल 700 ही 1962 सालची. तिचं घर म्हणजे सरळ गोल नळकांडं, लेथवर स्वस्तात उतरणारं. धक्का पेलणारा लगसुद्धा वेगळा करून नळी आणि घर यांच्यामध्ये चेपलेला. मरीन कोअरच्या आणि लष्कराच्या स्नायपर रायफली तिच्यावरच उभ्या राहिल्या, म्हणून दस्तेवाले, चापवाले, मॅगझिनवाले सगळे तिच्याच मापानं माल काढू लागले. कंपनीनं 2018 आणि 2020 असं दोनदा दिवाळं काढलं, पण तिला दस्त्यात आवळणाऱ्या दोन स्क्रूंमधलं अंतर अमर झालं. आज इतर कंपन्यांच्या महागड्या ॲक्शनसुद्धा तेच अंतर राखून असतात. "बाकी काही घेतलंस तर दस्ता कुठून आणशील?" रेमिंग्टनवाल्यानं विचारलं. गृहस्थांनी दस्त्याचा विचारच केला नव्हता. त्यांना एकाएकी पोरकं वाटू लागलं.

माउझरवाले वयानं मोठे आणि आवाजानं त्याहून मोठे. त्यांच्या लेखी 1898 नंतर जगात नवं काही घडलेलं नाही. माउझरच्या बोल्टला शेजारी एक लांबलचक पोलादी पंजा असतो. काडतूस मॅगझिनमधून वर येतं तोच तो त्याचं बूड पकडतो आणि टरफल बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. अमेरिकन सरकारनं 1903 च्या स्प्रिंगफील्ड रायफलीत माउझरच्या इतक्या कल्पना उचलल्या की शेवटी सरकारलाच जर्मन कंपनीच्या हातात दोन लाख डॉलर रॉयल्टी मोजावी लागली. हे सांगताना माउझरवाल्याची छाती अशी फुगली की चेक त्याच्याच नावानं निघाला असावा.

"समज, सिंह अंगावर आला," तो म्हणाला, "आणि घाबरून बोल्ट तू अर्ध्यावरूनच मागे ओढलास. दुसऱ्या ॲक्शनीत काडतूस अडकेल. माउझरचा पंजा ते बाहेर काढील."

"ओहायोत सिंह?"

"आज ओहायो आहे. उद्या आफ्रिका असेल."

आफ्रिकेचं जमेल तेव्हा जमेल, पण जुनी लष्करी माउझर घ्यायची म्हणजे तिला दुर्बीण बसत नाही, कारण बोल्टचा दांडा उचलला की तोच दुर्बिणीवर आपटतो. म्हणून दांडा कापून वाकवा. कडक पोलादात दुर्बिणीसाठी भोकं पाडा. जुनी सेफ्टीही दुर्बिणीच्या आड येते, तीही बदला. दुसऱ्या महायुद्धानंतर या रायफली अमेरिकेत मातीमोलानं मिळत आणि कैक गनस्मिथांनी त्या दुरुस्त्यांवर आपले संसार केले.

विंचेस्टरवाला आतापर्यंत दुखावल्या चेहऱ्यानं उभा होता. मॉडेल 70 आली 1936 साली, माउझरसारखाच पंजा घेऊन. 1964 साली कंपनीनं खर्च वाचवायला तो काढून टाकला. त्या गोष्टीला साठ वर्षं झाली, कंपनीनं 1990 च्या दशकात पंजा परतही आणला, पण राग काही उतरला नाही. जुन्या बाजारात 'चौसष्टपूर्व' एवढा शब्द उच्चारला की किंमत उड्या मारते. गंमत म्हणजे हा विंचेस्टरवाला त्या वर्षी जन्मलाही नव्हता. तरी तो चौसष्टबद्दल अशा तळमळीनं बोलतो की ऐकणाऱ्यानं सांत्वन करावं.

सॅव्हेजवाल्याला कुणी बोलू देत नव्हतं. सॅव्हेज 110 ही 1958 सालची. हिची नळी एका मोठ्या नटानं आवळलेली असते, त्यामुळे गेज आणि पाना असेल तर नळी घरच्या घरी बदलता येते. व्यवहाराला याहून सोपी ॲक्शन नाही. तिचा दोष एकच, तो नट दिसतो.

"तो नट फार वाईट दिसतो रे," रेमिंग्टनवाला म्हणाला.

"नेम धरताना दिसत नाही."

"धरत नसताना दिसतो ना!"

नळीच्या आट्यांचा व्यास दोन्ही कंपन्यांनी सारखाच ठेवलाय, एक पूर्णांक एक सोळांश इंच. पण रेमिंग्टनचे आटे इंचाला 16 आणि सॅव्हेजचे 20. म्हणजे एकाची नळी दुसऱ्याच्या घरात डोकावू शकते, राहू शकत नाही.

एकानं तर कहर केला. त्यानं पेटीतून पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली 2ए1 बाहेर काढली. ली-एनफिल्डची इंग्रजी वळणाची ॲक्शन आणि आत 7.62 मिलिमीटरचं नाटो काडतूस. बोल्टला घरात अडकवून ठेवणारे लग पुढे असतात हे साऱ्या जगाला मान्य असताना हिचे मागे. "बोल्ट इतका झटपट चालतो ना," तो म्हणाला आणि त्यानं तो चालवून दाखवला, पुन्हा दाखवला, आणि मंडळी पांगेपर्यंत दाखवत राहिला.

या सगळ्या गदारोळात एक माणूस बोलला नाही. त्याच्याकडे फिनलंडमधली टिक्का होती, दुकानातून जशी आणली तशीच. आखूड आणि लांब हा वाद तिच्या कारखान्यानं कधीच निकालात काढलाय. काडतूस कुठलंही असो, ॲक्शन एकाच लांबीची. त्याचं मत घ्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण तो नेम धरत होता.

गृहस्थांनी बहुमताला मान दिला आणि रेमिंग्टन घ्यायचं ठरवलं. आता या व्यवहारातली खरी मेख अशी, की नुसती ॲक्शन स्वस्तात मिळत नाही, अख्खी रायफल मिळते. तेव्हा सहा-सातशे डॉलर मोजून नवीकोरी, चालती रायफल घरी आणायची आणि तिची नळी काढून फेकायची. मग दस्ता काढून फेकायचा. मग चापही. जो उरेल तो पोलादाचा तुकडा म्हणजे आपली ॲक्शन. "चालत होती ना ती?" बायकोनं विचारलं. "चालत होती," गृहस्थ म्हणाले, "पण मनासारखी नव्हती." मनासारखी होती की नव्हती हे कळायला तिच्यातून एक तरी गोळी झाडायला हवी होती. तेवढा वेळ कुणाला आहे!

नळी काढणं हे बोलायला सोपं. कारखान्यानं ती अशी आवळलेली असते की सुटायचं नाव घेत नाही. गृहस्थांनी टेबलाला शिकंजा बसवला, त्यात नळी आवळली, ॲक्शनला लांब दांड्याचा पाना लावला आणि सगळं वजन टाकलं. नळी शिकंज्यातच गरगरली. जाणत्यांनी सांगितलं, नळीला राळ चोळ म्हणजे घसरणार नाही. राळ चोळली. या वेळी नळी जागची हलली नाही. टेबल हललं. भिंतीतले बोल्ट उपटून, रंगाचे डबे पाडून टेबल गृहस्थांभोवती अर्धी प्रदक्षिणा घालून आलं. शेवटी गृहस्थ ते सगळं बोचकं घेऊन गनस्मिथकडे गेले. त्यानं दोन मिनिटांत नळी सोडवली, आणि घेतलेले पैसे दोन मिनिटांचे नव्हते.

मग त्यानं ॲक्शन लेथवर चढवली, काट्याकडे बघितलं आणि चुकचुकला. म्हणाला, "घराचं तोंड आट्यांशी काटकोनात नाही. बोल्टचा एकच लग टेकतोय, दुसरा नुसताच उभा आहे." यावर उपाय म्हणजे ट्रूइंग. तोंड तासायचं, आटे नव्यानं कापायचे, दोन्ही लग सारखे टेकतील असे घासायचे. खर्च आणखी दोन-तीनशे डॉलर. बोल्ट घरात खुळखुळतो म्हणून तो नवा घेतला तर आणखी. गृहस्थांनी कागदावर बेरीज केली. जुनी ॲक्शन, अधिक तिची मलमपट्टी, अधिक नवा बोल्ट. उत्तर हजाराच्या पुढे गेलं. तेवढ्यात मोंटानातल्या किंवा आयडाहोतल्या खास कारखान्याची, मुळातच काटकोनात कापलेली, हव्या त्या तोंडाची ॲक्शन आली असती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय कोंबडी अजून तिरकीच.

रेमिंग्टन कपाटात गेली आणि खास कारखान्याचा ऑर्डर फॉर्म बाहेर आला. त्या फॉर्मपुढे प्राप्तिकराचा फॉर्म म्हणजे अंगाईगीत वाटावं. बोल्ट उजवा की डावा? टरफल उजवीकडून बाहेर पडायला हवं की डावीकडून? टेबलावर रायफल टेकवून नेम धरणारे बेंचरेस्टवाले बोल्ट उजव्या हाताचा आणि खिडकी डावीकडे अशी उलटीसुलटी मागणी करतात. उजव्या हातानं बोल्ट चालवायचा, डाव्यानं काडतूस ठेवायचं, खांदा हलवायचा नाही. बोल्टवर खाचा सरळ हव्यात की नागमोडी? दांड्याची मूठ गोल की लांबट? दुर्बिणीची पट्टी सपाट की पुढे उतरती? गृहस्थांनी नागमोडी खाचा निवडल्या. त्यामागचं कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "धूळ अडकत नाही." गृहस्थांच्या रेंजवर छप्पर आहे आणि खाली सिमेंटची फरशी आहे.

फॉर्म गेला आणि वाट पाहणं सुरू झालं. या धंद्यात वाट पाहण्याला मोठी परंपरा आहे. अमेरिकेतला सर्वांत नावाजलेला नळीकार हॅरी पोप, जन्म 1861, मृत्यू 1950. त्यानं 1906 साली सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटलं आणि काही दिवसांतच एप्रिलचा तो भूकंप झाला. दुकान गेलं, हत्यारंही गेली. पुढे जर्सी सिटीत एका पसाऱ्यानं भरलेल्या खोलीत तो उतारवयापर्यंत नळ्या कापत बसला. तो घाई करत नसे आणि त्याला घाई करायची हिंमत कुणाची होत नसे. गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं थांबत आणि थांबल्याचा अभिमान बाळगत. ॲक्शन लवकर हाती आली असती तर आपल्या गृहस्थांचाही अपमानच झाला असता.

एकदाची ती आली, पण घरी नाही. 1968 च्या कायद्यानं अमेरिकेत ॲक्शनचं घर हीच बंदूक. नंबर त्याच्यावर कोरलेला, म्हणून ते परवानाधारक दुकानदाराकडेच यायचं. नळी पोस्टमननं दारात ठेवली होती, आणि या वीतभर पोलादी पोकळीसाठी मात्र गृहस्थांनी काउंटरवर उभं राहून 4473 नंबरचा फॉर्म भरला, ओळखपत्र दिलं, गुन्हेगारी नोंदीची तपासणी होईपर्यंत ताटकळले. तिच्यातून गोळी सुटण्याची शक्यता शून्य होती. नारळही फुटला नसता.

त्यांच्या ऑफिसातला पुण्याचा सहकारी गंमत म्हणून सोबत आला होता. दुकानदारानं त्याला सांगितलं, कामाच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला कायदा एरवी बंदूक घेऊ देत नाही, पण शिकारीचा वैध परवाना असला तर चालतं. "म्हणजे बंदूक हवी तर आधी हरणामागे लागायचं?" पुणेकरानं विचारलं. "लागायची गरज नाही, परवाना काढला की झालं." पुणेकराला घरचा कायदा आठवला. 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे सुटे भागही बंदूकच धरलेले आहेत, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. गृहस्थांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या कपाटात त्या हिशेबानं एक छोटं सैन्य होतं.

जोडणी गनस्मिथनं केली. आटे कापले, काडतुसाची जागा खोदली, नळी बसवली आणि मग दोन छोटे पोलादी ठोकळे काढले. एक 'गो', एक 'नो-गो'. 'गो' आत ठेवला की बोल्ट सहज बंद व्हायला हवा, 'नो-गो' ठेवला की बंद व्हायला नको. दोघांच्या लांबीत इंचाच्या काही हजारांशांचा फरक. जागा जास्त झाली तर टरफल फाटून तप्त वायू मागे येऊ शकतो, म्हणून गप्पिष्ट म्हातारासुद्धा एवढा वेळ गप्प होता. बोल्ट 'गो'वर बंद झाला. 'नो-गो'वर अडला. "झालं," तो म्हणाला आणि बिल पुढे केलं.

रविवारी रेंजवर सगळे पंथ हजर होते. नागमोडी खाचा हातोहात फिरल्या. गृहस्थ टेबलाशी बसले. 100 यार्डांवर एका मिनिटाचा कोन म्हणजे 1.047 इंच, आणि त्याच्या निम्म्यात पाच गोळ्या बसाव्यात एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. पाच गोळ्या झाडल्या. कागद जवळ आणला. भोकं दोन इंचांत पसरली होती, आणि एक तर शेजाऱ्याच्या कागदाची चौकशी करून आलेलं दिसत होतं.

"वारा होता," गृहस्थ म्हणाले. झेंडा लोंबकळत होता. "नळी अजून नवी आहे. काडतुसांचा हा लॉट बरोबर नाही. सकाळची कॉफी जास्त झाली." यातलं कॉफीचं तेवढं खरं होतं.

टिक्कावाला उठून आला. "मी बघू?" त्यानं रायफल खांद्याला लावली, श्वास सोडला आणि पाच गोळ्या झाडल्या. कागद आला. पाचही भोकं एका बोटाखाली झाकली गेली. रेंजवर शांतता पसरली. नळी निर्दोष, ॲक्शन निर्दोष, गनस्मिथ निर्दोष. उरलं कोण, हे सगळ्यांना कळलं. गृहस्थांनाही कळलं. ते कागद बराच वेळ निरखत राहिले आणि म्हणाले, "याच्या बोटाला हा चाप जमतोय. मला बदलावा लागेल."

नेमबाजीच्या जाणत्यांना विचारलं तर ते सांगतात, अचूकपणात मोठा वाटा नळीचा, गोळीचा आणि झाडणाऱ्याचा. ॲक्शनचं काम एवढंच, की बोल्ट सरळ मिटावा आणि दर वेळी तसाच मिटावा. क्रीडमूरची चांगली नळी साधारण दोन-तीन हजार गोळ्यांत झिजते, ॲक्शन मात्र पुढच्या अनेक नळ्यांना पुरून उरते. म्हणूनच तिच्यावर एवढं डोकं खपवतो, असं गृहस्थ सांगतात. पण वर्षाला शंभर गोळ्या झाडणाऱ्याची पहिली नळी झिजायलाच वीस-तीस वर्षं लागतात.

तेव्हा वाचकांपैकी कुणाचा मेव्हणा किंवा भाचा ग्रीन कार्ड हाती पडल्यावर या वाटेला लागला असेल, तर त्याला फोन करून सांगावं की दुकानात मिळते ती तयार रायफल घे, वाचलेल्या पैशांची काडतुसं घे आणि दर रविवारी रेंजवर जा. तो ऐकणार नाही. मग निदान काडतूस क्रीडमूर ठेव म्हणावं, ॲक्शन आखूड घे आणि दोन स्क्रूंमधलं अंतर रेमिंग्टनचं ठेव. म्हणजे हौस फिटल्यावर विकायला तरी सोपी जाईल.